झोपेसाठी कोणती मुळी, किती आणि कधी

बेळगावात रविवार पेठेत आमचं काष्ठौषधीचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासून. "झोपच येईना बघा, काय तर द्या की ओ" म्हणत येणारं गिऱ्हाईक एक दिवस चुकत नाही. खानापूरकडची माणसं येतात, निपाणीची येतात, हुक्केरी-गोकाककडची कन्नड बोलणारी येतात. मी लगेच बरणीला हात लावत नाही. आधी तीन गोष्टी विचारतो. झोप लागतच नाही, की लागून मध्यरात्री मोडते, की पहाटे तीनलाच डोळे उघडतात? संध्याकाळचा शेवटचा चहा किती वाजता झाला? आणि सध्या गोळ्या कुठल्या चालू आहेत? काहीजण वैतागतात. "डॉक्टर हाय का दुकानदार?" असंही ऐकून घेतलंय. पण झोपेसाठी अशी एक मुळी नाही जी सगळ्यांना लागू पडेल, म्हणून विचारावंच लागतं.

अंथरुणावर पडल्यावर डोक्यात हिशेब, कोर्टाच्या तारखा, पोरीचं लग्न फिरत राहतं आणि तासभर डोळा लागत नाही, अशांना वनस्पतींचा थोडाफार उपयोग होतो. महिनोन् महिने ताणात राहून अंग शिणलंय आणि झोप उथळ झालीय, अशांनाही होतो, पण सावकाश. मध्यरात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं म्हणून झोप मोडत असेल तर माझ्याकडे त्याचं काही नाही. आधी साखर तपासा, पुरुषांनी प्रोस्टेटही दाखवून घ्यावं. पहाटे जाग येऊन मन अगदी खचलेलं असतं, कशातच रस वाटत नाही, असं असेल तर तो आजार वेगळा. त्याला जायफळ देणं म्हणजे माणसाचे दिवस वाया घालवणं.

आधी चहा आणि मिश्री

आपल्या भागात दिवसाला सात-आठ कप चहा म्हणजे काही विशेष नाही. पाहुणा आला चहा, गिऱ्हाईक आलं चहा, भांडण मिटलं तरी चहा. चहातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. संध्याकाळी सहाला घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री अकराला अंगात असतंच. दुपारी दोन-तीननंतर पत्तीचा चहा बंद करून आठवडाभर बघा. कितीतरी जण पुन्हा मुळी मागायला येत नाहीत. माझा धंदा बुडतो, पण तेच बरं आहे.

दुसरी गोष्ट मिश्री. निपाणी तंबाखूची पेठ, आणि त्या पट्ट्यातल्या बायका रात्री जेवण उरकलं की मिश्री लावत बसतात. अंग सैल होतं असं त्यांना वाटतं. निकोटीन मात्र मेंदू जागा ठेवतं आणि रात्री त्याची तलफ आली की झोप मोडते. अक्का-मावशींना मी तोंडावर सांगतो, मिश्री तशी सुटली तर उत्तमच, नाहीतर निदान संध्याकाळनंतर तरी डबी उघडू नका. तंबाखू मळणाऱ्या मामांनाही तेच. दारूचंही तसंच. घोट घेतला की डोळा लागतो, पण उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात.

चहाची सवय हाताला आणि तोंडाला असते, म्हणून तिथे गवती चहा कामाला येतो. कन्नडमध्ये मज्जिगे हुल्लु म्हणून मागा. चार-पाच पाती धुऊन कात्रीने कापा, दीड कप पाण्यात पाच मिनिटं उकळा, हवं तर आल्याचा लहान तुकडा टाका, गाळून प्या. पत्ती टाकायची नाही. आपल्याकडे नेमकं उलटं करतात, कडक चहात चवीला गवती चहा. मग उपयोग काय? हे पातं झोप आणतं असा माझा दावा नाही. त्यात कॅफीन नाही, गरम आहे, वास मन शांत करतो, एवढं पुष्कळ झालं. लहान कपभरच घ्या आणि झोपायच्या दीड तास आधी, नाहीतर रात्री उठावं लागेल.

जायफळ: वेढे मोजून

सगळ्यात जास्त मागणी याची आणि सगळ्यात जास्त चुकीचा वापरही याचाच. आमच्याकडे जायफळ येतं ते शिरसीकडच्या आणि गोव्यातल्या पोफळीच्या बागांतून, बाकी केरळातून. घेताना गोलसर, हातात जड लागणारं, पृष्ठभागाला बारीक रेघा असलेलं घ्या. सुईने टोचलं की टोकाला तेल लागलं पाहिजे. लांबट, हलकं, वास नसलेलं फळ दिसलं तर ते रानातलं भाऊबंद असतं, स्वस्त म्हणून खपवतात. पूड तर घेऊच नका. महिनाभरात वास उडतो आणि आत काय दळलंय ते कळत नाही.

सहाणेवर चार थेंब दूध टाकून जायफळाचे दोन वेढे द्यायचे, फार तर तीन. जी गंधासारखी लेप येते ती बोटाने निपटून अर्धा कप कोमट दुधात मिसळायची. झोपायच्या तास-दीड तास आधी प्यायची, कारण जायफळ चढायला वेळ घेतं. अंथरुणावर बसून प्यायलं आणि अर्ध्या तासात काही झालं नाही म्हणून पुन्हा उगाळायला बसलं, असं करू नका. मी आठवड्यातून दोन-तीन रात्री घ्या म्हणतो आणि दोन-तीन आठवड्यांनी थांबवायला सांगतो.

वेढे का मोजायचे तेही सांगतो. एक आख्खं जायफळ पाच ग्रॅमच्या पुढे भरतं, आणि पाच ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तर विषबाधा होऊ शकते. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, उलट्या होतात, भलतंसलतं दिसायला लागतं, आणि हे दिवसभर राहतं. लक्षणं काही तासांनी सुरू होतात, त्यामुळे कशाने झालं तेच लक्षात येत नाही. यूट्यूबवर बघून चमचाभर किसून दुधात घालणारे हल्ली भेटतात. किसणी वापरायचीच नाही.

आणि बाळांना नाही. घुटीत जायफळ, वेखंड उगाळून द्यायची पद्धत आपल्या घराघरांत आहे. "आमची पोरं यावरच वाढली" असं सासूबाई ठणकावून सांगतात. वाढली, खरंय. पण तान्ह्या बाळाला गुंगी आणणारं काहीही मी देत नाही. बाळ झोपत नसेल तर भूक, पोटदुखी, कान, ताप, हे बालरोगतज्ज्ञाने बघायचं.

आस्कंद

अश्वगंधा, बाजारात आस्कंद किंवा नागोरी आस्कंद. मोठा माल मध्य प्रदेशात नीमचच्या मंडीतून निघतो. चांगली मुळी बोटाएवढी जाड, वरून मातकट पिवळी, आतून पांढरी असते, मोडली की टक्कन तुटते आणि पिठूळ दिसते. चामट, वाकणारी, काळपट मुळी परत करा. वापरायचं ते मूळच, पानं नाहीत.

याचा गुण एका रात्रीत दिसत नाही. झोपेसाठी ज्या चाचण्या झाल्या त्यांतल्या पुष्कळशा मुळीच्या अर्कावर झाल्या, बऱ्याचदा ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. आठ आठवडे किंवा जास्त घेतल्यावर झोपेत फरक पडला. फरक मोठा नव्हता, पण होता. ज्यांना खरोखर निद्रानाश होता त्यांच्यात जास्त दिसला. म्हणून जो म्हणतो "आज घेतलं, आज झोपलो", त्याला दुधाने झोप लागली असणार.

आमच्याकडे लोक चूर्ण नेतात. रात्री जेवणानंतर तासाभराने पाव चमच्याने सुरुवात करा, कोमट दुधातून. कडवट आणि उग्र वासाचं असतं, चिमूटभर वेलदोडा घातला की उतरतं. पोट बिघडलं नाही, आळस आला नाही तर आठवड्याने अर्धा चमचा, पुढे सोसलं तर एक सपाट चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम. त्यापुढे वैद्यांना विचारल्याशिवाय नाही. दोन महिन्यांत फरक वाटला नाही तर बंद करा. मेडिकलमधून अर्काची कॅप्सूल आणली असेल तर चूर्णाचं माप तिला लावू नका. अर्क दाट असतो, लेबलवर लिहिलंय तेवढाच.

कोणी घेऊ नये: गरोदर बायका, दूध पाजणाऱ्या आया, थायरॉईडच्या गोळ्या चालू असणारे, यकृताचं दुखणं असणारे. क्वचित कुणाच्या यकृताला यानेच बाधा होते. लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, अंगाला खाज असं दिसलं की चूर्ण तिथेच ठेवा आणि रक्त तपासा. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्यांवर असाल तर डॉक्टरांना न सांगता सुरू करायचं नाही, दोन्ही आणखी खाली येऊ शकतात.

खसखशीची खीर

कर्नाटकात लग्नाच्या पंगतीत गसगसे पायसा वाढलं की दुपारी मांडवात निम्मे पाहुणे आडवे झालेले दिसतात. खिरीचा वाटा किती आणि पोटभर जेवणाचा किती, हे वेगळं काढता येणार नाही. पण हलकं जेवून रात्री वाटीभर घ्यायला ती फार चांगली. तिघांपुरतं माप असं: दोन मोठे चमचे खसखस आणि एक लहान चमचा तांदूळ मंद आचेवर कोरडेच भाजा. रंग बदलू द्यायचा नाही, वास सुटला की उतरवा. अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. तीन मोठे चमचे ओल्या खोबऱ्याबरोबर अगदी गंधासारखं वाटा. दोन कप पाण्यात शिजत ठेवा, ढवळत राहा नाहीतर तांदूळ तळाला बसतो. चवीला गूळ, वेलदोडा, आणि आच बंद करून थोडं थंड झाल्यावर दूध. गूळ घालून उकळत असताना दूध ओतलंत तर फाटेल. मधुमेह असेल तर ही खीर सोडाच.

खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी, ती खायला आणायला काही अडचण नाही. अफूची शेती मात्र मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावरच होते. बोंडाचं फोल मागणारा अधूनमधून येतो, त्याला मी दारातूनच परत पाठवतो. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात तो गुन्हा आहे आणि व्यसन लागतं ते वेगळंच. आणखी एक, पोरगा दुबईला असेल तर मसाल्याच्या डब्यात खसखस पाठवू नका. तिकडे तिला बंदी आहे, विमानतळावर पकडलं तर पोराचे हाल होतील.

नावांचा घोळ

तगर मागायला येणाऱ्यांना मी नेहमी थांबवतो. झोपेसाठी वैद्य लिहून देतात ती तगर हिमालयातली मुळी आहे, घामट मोज्यांसारखा वास मारते, आणि तीही सगळ्यांना लागू पडतेच असं नाही. आपल्या अंगणातलं पांढऱ्या फुलांचं, फांदी मोडली की चीक येणारं तगरीचं झाड, ज्याला कन्नडमध्ये नंदिबट्टलु म्हणतात, ते अगदी निराळं. त्याची फुलं देवाला वाहा, मूळ उकळून पिऊ नका.

ब्राह्मीचं तसंच. नीरब्राह्मीची पानं बारीक आणि मांसल असतात. ओंदेलग, म्हणजे मंडूकपर्णी, तिचं पान गोल, कडेला दातेरी, देठाशी खाच. खानापूर-जांबोटीकडे पावसाळ्यात ती ओलाव्याला सगळीकडे पसरते. दोन्हींना लोक ब्राह्मीच म्हणतात. खाण्यात दोन्ही चालतात, पण झोपेवर थेट परिणामाची अपेक्षा मी ठेवत नाही. ओंदेलगाची ताकातली तंबुळी दुपारच्या भातावर छान लागते, ती त्या चवीसाठी करा. गटाराकडेचा मात्र उपटून आणू नका.

जटामांसी महाग आणि भेसळीची. ती हिमालयात तीन हजार मीटरच्या वर येते, खणून खणून इतकी कमी झालीय की अतिसंकटात असलेल्या वनस्पतींच्या यादीत गेली. मी ती वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय विकत नाही. कॅमोमाईलच्या पिशव्या मॉलमध्ये मिळतात, सौम्य असतात, घ्या. पण गाजर गवताने ज्यांच्या अंगावर उठतं त्यांनी जपून, दोन्ही एकाच कुळातली आहेत.

आणि सर्पगंधा नाही म्हणजे नाही. जंगलातून आणलेली मुळी बाजारात फडक्यावर मांडून "झोपेची मुळी" म्हणून विकतात. तिच्यातून १९५२ साली रेसर्पिन वेगळं काढलं, ते बीपीचं औषध होतं. रक्तदाब धाडकन उतरतो आणि मन उदास होण्याचा धोका असतो. बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाने ती उकळून प्यायली तर चक्कर येऊन पडेल. धोतऱ्याचं तर नावही काढू नका.

पोटात न घेता

वडगाव-खासबागचे पॉवरलूमवाले शिफ्ट संपवून येतात. अंग थकलेलं, पण कानात मागाचा खडखडाट चालूच. त्यांना मी काशाची वाटी आणि माक्याचं किंवा ब्राह्मीचं तेल सुचवतो. तळपायाला चमचाभर तेल लावून वाटीने पाच-सात मिनिटं एकेका पायाला घासायचं, टाचेपासून बोटांकडे. दुसऱ्या कुणी घासलं तर जास्त बरं. नंतर पाय पुसून घ्या, फरशीवर घसरून पडाल. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी जोर लावायचा नाही. दिवसा झोपणाऱ्यांनी खिडकीला जाड काळं कापड लावावं, त्याचा उपयोग माझ्या बरण्यांपेक्षा जास्त होतो.

कधी माझ्याकडे येऊ नये

अल्प्राझोलम, क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या बरीच वर्षं घेणारे येतात आणि म्हणतात, "ह्या सोडायच्यात, मुळी द्या." गोळ्या सोडायची इच्छा चांगली आहे, पण एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. त्या डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायच्या. त्यांच्या जोडीला आस्कंद किंवा तगर घेतली तर गुंगी दुप्पट होते. दारूबरोबरही तेच. ऑपरेशन ठरलं असेल तर काय काय घेताय ते आधी सांगून टाका.

घोरताना मधेच श्वास अडतो, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागते, अशा माणसाला गुंगीचं काहीच देऊ नये, त्याची तपासणी व्हायला हवी. रात्री पाय तळमळतात, हलवल्याशिवाय राहवत नाही, असं असेल तर अंगातलं लोह तपासून घ्या, बायकांनी तर नक्कीच. आठवड्यातून तीन रात्री किंवा जास्त, असं तीन महिने चाललं असेल तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर पहिला उपचार म्हणून झोपेच्या सवयी आणि विचार बदलायला शिकवणारं समुपदेशन देतात, गोळ्या नंतर. आयुर्वेदाकडेच जायचं असेल तर शहापुरात आयुर्वेद महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, शिकलेले वैद्य नाडी बघून सांगतील. मनावर फार दडपण असेल, जगू नये असं वाटत असेल तर १४४१६ वर फोन लावा. टेली मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं आणि कन्नडमध्येही.

एका वेळी एकच वनस्पती घ्या. पाच जिनसांची पुडी करून मागणारे पुष्कळ असतात, मग गुण कशाचा आणि खाज कशाची ते कळत नाही. एका वहीत दिवे कधी घालवले, जाग कधी आली, काय घेतलं, एवढं लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या.

दारात लावायचं म्हणाल तर कणकुंबी-जांबोटीच्या पावसात गवती चहा आणि ओंदेलग काही न करता येतात. आस्कंद तिथे कुजतो. त्याला अथणी-रायबागकडची कोरडी, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. बेळगावात कुंडीत लावायचा असेल तर हातभर खोल कुंडी घ्या, मातीत तिसरा हिस्सा वाळू मिसळा, आणि मृगात पेरायची घाई करू नका. पावसाचा जोर ओसरल्यावर, श्रावणाच्या पुढे, बी अगदी वरवर पेरा. पाच-सहा महिन्यांनी पानं सुकायला लागली आणि फळं लाल झाली की मुळी काढायची. धुऊन बोटभर तुकडे करा आणि मोडल्यावर टक्कन आवाज येईपर्यंत वाळवा. जास्त झाली तर दुकानात आणा, भाव देईन, पण ओली मुळी तोलायला घेणार नाही.